जुनी पेटी, नव्या लहरी

गेल्या दिवाळीत माळ्यावरचा पसारा काढताना माझ्या पुतणीच्या हाती एक राखाडी पेटी लागली. पुढे दोन दांड्या, मध्ये काट्याचं मीटर आणि वर ओढली की मीटरभर लांब होणारी एरियल. ‘काका, हा रिमोट कशाचा?’ मी म्हटलं, ‘विमानाचा.’ ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तळहातावर मावेल असा ड्रोन तिनं सुटे भाग जमवून तयार केला होता आणि हातात धरायच्या ट्रान्समीटरपाशी येऊन तिचे पैसे संपले होते. ‘मग हाच वापरला तर?’ तिनं विचारलं. मी ‘नाही’ म्हणून मोकळा झालो. त्या नकारामागे तांत्रिक कारण फारसं नव्हतं. जे होतं ते पुढे सांगतो. आधी या पेटीची कुळकथा.

दूरवरून, तारेशिवाय, एखादी वस्तू चालवायची ही कल्पना विमानापेक्षा जुनी आहे. १८९८ साली निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक छोटी होडी रेडिओलहरींनी चालवून दाखवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला तिचं पेटंट मिळालं. राइट बंधूंचं विमान उडायला अजून पाच वर्षं होती. हौशी मंडळींच्या हातात हे तंत्र यायला मात्र १९३०चं दशक उजाडावं लागलं. अमेरिकेत मिशिगनमधल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचं मॉडेल विमान रेडिओवर उडवलं. एक भाऊ विमानं बांधणारा, दुसरा हॅम रेडिओवाला. भावाभावांत अशी वाटणी झाली तर घरात किती शांतता नांदत असेल! ते विमान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

‘ड्रोन’ हा शब्दही त्याच काळातला. ब्रिटिशांनी १९३५ मध्ये तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी वैमानिकाविना उडणारं विमान केलं. त्याचं नाव ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी. तिच्यावरून पुढे अशा विमानांना ड्रोन, म्हणजे मधमाश्यांमधला नर, म्हणू लागले असं सांगतात.

सुरुवातीच्या हौशी सेटांत अवघं एक बटण असे. विमानात पीळ दिलेलं रबर असायचं. बटण दाबलं की त्याचा एक टप्पा सुटे आणि शेपटीची पट्टी एका बाजूला वळे, सोडलं की सरळ, पुन्हा दाबलं की दुसऱ्या बाजूला. थोडं वळ, जास्त वळ, असं काही सांगायची सोय नव्हती. ती सोय १९६०च्या दशकात झाली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत टिकाऊ गोष्ट तीच. दांडी किती सरकवली हे स्पंदाच्या लांबीत सांगायचं ठरलं. एका टोकाला दांडी असेल तर एक मिलिसेकंद, दुसऱ्या टोकाला दोन आणि मधोमध दीड. दांड्यांच्या चार हालचालींचे चार स्पंद एकामागून एक पाठवायचे, मग थोडं थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. हा फेरा साधारण साडेबावीस मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला चव्वेचाळीस वेळा. त्यानंतर कंपन्या आल्या, गेल्या, ट्रान्झिस्टरच्या जागी चिप आल्या, पण ही बोली बदलली नाही.

बदलत होत्या त्या लहरी. माझा सेट एका नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेला, ७२ मेगाहर्ट्झचा. तिकडे १९९१ पासून या पट्ट्यात मॉडेल विमानांसाठी ११ ते ६० असे पन्नास चॅनल होते. कोणता चॅनल, ते आत खोचलेल्या नखाएवढ्या क्रिस्टलवर ठरायचं. एका मैदानावर एका चॅनलवर एकच सेट चालू राहू शकतो. म्हणून फळीवर नंबर घातलेले कपड्यांचे चिमटे लावलेले असत. आपल्या नंबरचा चिमटा उचलायचा, एरियलला लावायचा आणि मगच सेट चालू करायचा. चिमटा जागेवर नसेल तर तुमच्या चॅनलवर कुणाचं तरी विमान हवेत आहे, असं समजायचं.

एका रविवारी सकाळी मी फळीकडे न जाता सेट चालू केला. उडवायचं नव्हतं, नुसती शेपटीची पट्टी हलते का ते बघायचं होतं. दोन सेकंदही झाले नसतील. आमच्यातल्या एका वयस्कर सभासदांचं सहा फुटी विमान वर होतं. त्यांनी तीन महिने रात्री जागून बांधलेलं. ते एका कुशीवर झुकलं आणि शेताच्या बांधावर आपटलं. ते गृहस्थ मला एक शब्द बोलले नाहीत. बाल्साच्या काड्या गोळा करून त्यांनी पिशवीत भरल्या, इंजिन रुमालानं पुसलं आणि स्कूटरवरून निघून गेले. पुढच्या रविवारी मी गेलो नाही, त्यानंतरच्याही नाही. पेटी माळ्यावर गेली.

असे अपघात जगभर होत, आणि त्यावरचा उपाय हौशी मंडळींनी शोधलेला नाही. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं, लहरी पसरून किंवा सतत उड्या मारत पाठवणाऱ्या यंत्रांना काही पट्टे परवान्याशिवाय वापरायला दिले. मायक्रोवेव्ह ओव्हन ज्यावर चालतात तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांपैकी एक. उड्या मारण्याची कल्पना त्याहून जुनी. हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ मध्ये तिचं एक पेटंट घेतलं होतं. रेडिओवर चालणारा पाणतीर शत्रूला भरकटवता येऊ नये म्हणून पाठवणारा आणि घेणारा, दोघांनीही एकाच क्रमानं ८८ लहरींवर उड्या मारायच्या. पियानोच्या पट्ट्याही ८८च. आजच्या सगळ्या वायरलेसची जननी तीच, असं हल्ली सरसकट म्हणतात, ते मला ताणलेलं वाटतं. पण नेमका रिमोट कंट्रोलचाच प्रश्न तिच्यासमोर होता, हे खरं.

२००५च्या सुमारास मॉडेल विमानांचे २.४ गिगाहर्ट्झचे सेट बाजारात आले. आपल्याकडेही त्याच वर्षी जानेवारीत हा पट्टा ठरावीक शक्तीपर्यंत परवानामुक्त झाला. प्रत्येक ट्रान्समीटरला स्वतःचा ओळखक्रमांक असतो. रिसीव्हर एकदा त्याच्याशी जोडला की दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. मैदानात वीस जण असोत. चिमट्यांची फळी गेली.

आणि जगभरच्या कपाटांत असंख्य चांगले सेट निरुपयोगी होऊन बसले. बरं, त्यांतलं काय जुनं झालं होतं? दांड्या, स्प्रिंगा, हातात बसणारा आकार हे काही नाही. दांडीखालचा भाग म्हणजे आपल्या रेडिओच्या आवाजाच्या बटणाखाली असतो तोच, पोटेन्शिओमीटर. जुना झाला होता तो फक्त लहरी सोडणारा शेवटचा तुकडा. महागड्या सेटांना मागे एक चौकोनी खण असे आणि त्यात हा तुकडा काडेपेटीसारखा सरकवून बदलता येई. कंपन्यांनी ती सोय चॅनल बदलण्यासाठी केली होती, ती पुढे अशी कामी आली. खण नसलेल्यांसाठी २०१०च्या सुमारास एका चिनी कंपनीनं तीन तारांनी जोडायचं स्वस्त मोड्यूल काढलं. अधिक, वजा आणि स्पंदांची तार. जुनी बोली सगळ्यांची एकच असल्यामुळे कुठल्याही कंपनीच्या पेटीत ते चाले. त्याच काळात हाँगकाँगहून पन्नास-साठ डॉलरना एक नऊ चॅनलचा सेट मिळू लागला. त्यातला प्रोग्राम अगदीच सामान्य होता. हौशी लोकांनी आतल्या चिपला सहा तारा सोल्डर करून स्वतः लिहिलेला प्रोग्राम घातला आणि तो सर्वांना फुकट दिला. आजच्या अनेक ड्रोन-ट्रान्समीटरांतला प्रोग्राम त्याच्याच वंशातला आहे.

पुतणीनं हे सगळं मला ऐकवलं, मी तिला नव्हे. तेव्हा कुठे मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

आतल्या आठ निकेल-कॅडमियम सेलना पांढरी-हिरवी पूड आली होती. हातमोजे घालून, व्हिनेगरनं पुसून जागा साफ केली. सेल नवे घातले. क्रिस्टल उपसून काढला, म्हणजे जुना भाग कायमचा गप्प. तिनं आणलेल्या मोड्यूलमध्ये चार वेगवेगळ्या रेडिओ-चिप आहेत आणि सोळा घरांची एक चकती. निरनिराळ्या कंपन्यांच्या रिसीव्हरशी बोलायचं तर ती फिरवायची. स्पंद कुठून घ्यायचे? सेटच्या मागे शिकाऊ उमेदवारासाठी एक सॉकेट होतं. गुरूचा आणि शिष्याचा सेट वायरनं जोडायचा आणि काही बिनसलं की गुरूनं ताबा घ्यायचा, यासाठी ते असतं. त्यातून स्पंद सरळ बाहेर येतात. फक्त जुन्या सेटमध्ये त्यांचा दाब मोड्यूलला सोसेल त्याहून जास्त असू शकतो. म्हणून आधी मोजायचा आणि दोन रेझिस्टर लावून उतरवायचा. मीटरभराची एरियल काढली. ७२ मेगाहर्ट्झची लहर चार मीटरहून लांब असते, तिची चौथाई म्हणजे ती एरियल. २.४ गिगाहर्ट्झला तीन सेंटिमीटर पुरतात.

या खटाटोपाला मर्यादा आहेत. आजची मोड्यूल सेकंदाला शेकडो वेळा संदेश पाठवू शकतात, पण जुन्या पेटीतून स्पंद चव्वेचाळीसदाच येणार. बैलगाडीनं आलेलं पत्र पुढे विमानानं धाडण्यासारखं ते आहे. घरात हळूहळू घिरट्या घालायला पुरे, शर्यतीला नाही. (दांड्यांखालचे पोटेन्शिओमीटरच एका छोट्या अर्डुइनो बोर्डाला जोडून जुनी बोली पार वगळणारेही आहेत. तिचा पुढचा बेत तोच आहे.) माझा सेट चार चॅनलचा, म्हणून मोटारी सुरू-बंद करायला वेगळा खटका नाही. ते काम दांडी खाली उजव्या कोपऱ्यात नेऊन करावं लागतं. शिवाय नवे छोटे ट्रान्समीटर पूर्वीच्या मानानं आज बरेच स्वस्त झालेत. पेटी घरात नसेल तर जुनी विकत घेऊन हे करण्यात अर्थ नाही.

कायद्याचंही पाहून ठेवलं. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’. तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण विमानतळाभोवतीच्या आणि इतर मनाई असलेल्या भागांत तोही चालत नाही. तिचा ड्रोन बॅटरीसकट पन्नास ग्रॅमच्याही आत आहे.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. जुन्या साध्या रिसीव्हरला लहर तुटली तर काय करायचं ते ठाऊकच नसे. मिळेल ती खरखर तो हुकूम समजून पाळायचा. बांधावर आपटलेल्या विमानाचं तेच झालं होतं. नव्या रिसीव्हरला ते आधी सांगून ठेवता येतं. मी तिला पंखे काढायला लावले, ड्रोन टेबलावर ठेवला, मोटारी निम्म्या वेगानं फिरवल्या आणि म्हटलं, ‘आता पेटी बंद कर.’ मोटारी थांबल्या. ‘पुन्हा.’ पुन्हा थांबल्या. आठव्या-नवव्या वेळी ती वैतागली, ‘काका, झालं की!’ मी आणखी दोनदा करायला लावलं.

मग पंखे लावले. ड्रोन हॉलमध्ये दोन फूट वर चढला, पडद्यात अडकला आणि सोफ्यावर पडला. तिनं पेटी माझ्यापुढे धरली. तेहतीस-चौतीस वर्षांनी मी त्या दांड्यांवर अंगठे ठेवले. डावी दांडी अजून तशीच, मधोमध आली की किंचित अडते.