इन्युएंडो : कंसातला शब्द

आडून बोलण्याला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. टोमणा आहे, खोचक बोलणं आहे, 'लेकी बोले सुने लागे' तर घरोघरी आहे. आज मात्र एक परका शब्द घेऊ : इन्युएंडो. उघड न बोलता केलेली तिरकस सूचना. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ मान हलवून खूण करणे, आणि हे रूप 'खूण करून' असं.

गंमत अशी, की हा शब्द रूढ झाला तो उलगडा करण्यासाठी. इंग्लंडच्या न्यायालयातले जुने कागद लॅटिनमध्ये असत. बदनामीच्या दाव्यात 'तो चोर आहे' हे शब्द उद्धृत करायचे, तर 'तो' कोण? मग कंसात लिहीत : इन्युएंडो, म्हणजे वादी. आपल्या 'अर्थात'सारखाच. पुढे सतराव्या शतकात झाकलेल्या अर्थालाच ते नाव पडलं.

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस इथे अडतो. खूण बोलणाऱ्याने केली, की ऐकणाऱ्याने ताडली? आनंदवर्धनाने व्यंजना ही शब्दाचीच शक्ती मानली. महिमभट्ट म्हणाला, छे, हे तर निव्वळ अनुमान. वाद काव्यापुरता राहिला असता तर बरं होतं.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ सालचं. खाडिलकर टिळकांच्या 'केसरी'तले. रंगमंचावर विराटाचा दरबार, द्रौपदी, भीम. कथानक महाभारतातलं. पण प्रेक्षकाला कीचकात कर्झन दिसे, द्रौपदीत देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. आता पंचाईत बघा. कीचक म्हणजे कर्झन, असं नाटकात कुठेच म्हटलेलं नाही. ते म्हणावं लागलं सरकारची बाजू घेणाऱ्यांना. व्हॅलेंटाइन चिरोलच्या त्याच वर्षीच्या 'इंडियन अनरेस्ट'मध्ये ही यादी छापलीच आहे, अमुक म्हणजे तमुक. हुबेहूब तो जुना कंस! (याच पुस्तकावरून टिळकांनी चिरोलवर अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये लंडनला ते हरले. तो स्वतंत्र विषय आहे.)

खाडिलकरांनी मान हलवली होती का? माझ्या मते नक्कीच. तेवढ्यापुरता मी आनंदवर्धनाकडे. पण वंगभंगाने लोक आधीच चिडलेले नसते, तर तेच प्रेक्षक एक झकास पौराणिक नाटक बघून मुकाट घरी गेले असते. तेव्हा महिमभट्टालाही थोडं द्यावंच लागतं.