पाणचक्की नाही, जातं

युरोपातल्या युद्धकथा वाचताना मला एका गोष्टीचा हेवा वाटतो. तिथल्या भूमिगतांना लपायला हमखास एखादी पाणचक्की सापडते. ओढ्याकाठी, दाट झाडीत, वर माळा, खाली पीठ! आपल्याकडे पाणचक्की पाहायची म्हणजे छत्रपती संभाजीनगर गाठायचं. अठराव्या शतकातली ती चक्की बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातल्या मंडळींचं दळण दळायची. सातारा-सांगलीच्या पोरांना तिचा काय उपयोग? त्यांच्यापाशी होते उसाचे फड आणि आयाबायांची जाती.

१९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांनी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (सांगली त्याच्याच पोटात होती) इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चालवलं. लोकांनी त्याचं 'पत्रीसरकार' केलं. पत्री म्हटलं की आम्हा पांढरपेशांना गणपतीची पूजा आठवते; तिकडच्या गावगुंडांना आपले तळपाय आठवत, कारण फटके तिथंच बसायचे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ यांच्या तुफान सेनेनं सरकारी पगाराचे पैसे नेणारी आगगाडी अडवली आणि १९,१७५ रुपये उतरवून घेतले. गाडीला उशीर का झाला, याचं इतकं सरळ कारण प्रवाशांना एरवी कुठं मिळतं?

हे सगळं इतिहासात येतं. पण आधी पोटोबा! रात्री-अपरात्री दारात उभ्या राहिलेल्या दहा पोरांना भाकरी हवी, भाकरीला पीठ हवं, आणि जातं काही मुक्यानं फिरत नाही. दोन माणसांच्या घरात दोन-दोन तास घरघर चालली, तर खबऱ्याला डोळे कशाला हवेत, कान पुरेत. तरी नाना ती सगळी वर्षं पोलिसांच्या हाती लागले नाहीत. म्हणजे अख्ख्या आळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असणार. एरवी शेजारच्या फोडणीत काय पडलं ते सांगणाऱ्या आळ्या, बरं का!

आणि बायका नुसत्या दळत बसल्या असंही समजू नका. नानांच्या कन्या हौसाबाईंनी (त्या २०२१ पर्यंत आपल्यात होत्या) १९४३ मध्ये भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर दारुड्या नवऱ्याचा मार खाण्याचं सोंग वठवलं. नवराही सोंगाचाच. एवढा मोठा धोंडा उचलून तो अंगावर आला, तसे पोलीस बिचारे संसार वाचवायला बाहेर धावले. भांडण सोडवून आत येतात तो ठाण्यातल्या बंदुका गायब.