कॅम्परव्हॅनने तोरणमाळला जाताय? निघण्याआधी हे वाचा

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. अशी गाडी घेऊन सातपुड्यात जायचं तर नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ आहेच. उंची सुमारे ११५० मीटर. वर यशवंत तलाव आणि सीताखाई.

मार्ग कसा?
नंदुरबार, तापीकाठचं प्रकाशा, शहादा आणि मग घाट. शहाद्यापासून अंतर सुमारे ५५ किमी. डिझेल, पिण्याचं पाणी, औषधं आणि रोख पैसे शहाद्यातच घ्या. डोंगरात मोबाइल नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

घाटात काय सांभाळायचं?
कॅम्परव्हॅन कारपेक्षा उंच आणि जड असते. उतारावर सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि नीट लागत नाही. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरा; गाडी न्यूट्रलला टाकू नका. उजेडातच वर पोहोचा.

कधी जावं?
पावसाळ्यात धुकं आणि दरडींचा धोका असतो. जड गाडीला हिवाळा बरा. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची घोड्यांची यात्राही पाहता येते.

मुक्काम कुठे?
गाडी कुठेही लावू नका. गावात किंवा वनविभागाला विचारा. आणि सांडपाणी तलावाजवळ अजिबात सोडू नका.