एकटा पंच

'पाचामुखी परमेश्वर' असे आपण मराठी माणसे मोठ्या विश्वासाने म्हणतो. गावात तंटा उभा राहिला, की पाच जाणती माणसे पारावर बसवायची, दोन्ही पक्षांचे म्हणणे त्यांच्या कानी घालायचे आणि ती सांगतील ते मान्य करायचे, ही आपली जुनी चाल. एकट्याच्या मुखी परमेश्वर असतो, असे मात्र आपल्या पूर्वजांनी म्हटल्याचे ऐकिवात नाही. असे असताना फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी घेऊन धावणाऱ्या एका माणसाला आपण खुशाल 'पंच' म्हणून मोकळे झालो! बावीस खेळाडू, त्यांचे पाठीराखे, आणि अलीकडे मुलांचे आईबाप, या सगळ्यांच्या गदारोळात त्या एकट्याच्या शब्दाला पाचांचे वजन आले तरी कोठून? दर रविवारी अंधेरी-बोरिवलीच्या आणि घाटकोपर-मुलुंडच्या मैदानांवर हौसेने पंचगिरी करायला निघणाऱ्या माणसांची कथा समजून घ्यायची, तर आधी या प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे.

गंमत अशी, की फुटबॉलच्या जन्मवेळी पंच नव्हताच. १८६३ साली लंडनमधल्या एका खाणावळीत बसून काही क्लबांच्या मंडळींनी खेळाचे पहिले नियम लिहिले. त्यांत चेंडू कसा मारावा, हाताने केव्हा धरावा, हे सारे आहे; पण निवाडा कोणी करावा याविषयी एक अक्षरही नाही. खेळणारे सारे सभ्य गृहस्थ. चूक झाली तर ज्याची त्याने कबूल करावी, अशी समजूत. ही समजूत फार दिवस टिकली नाही, हे सांगायला नकोच. चषक आले, प्रेक्षक आले, जिंकण्याची हाव आली, आणि प्रत्येक संघाने आपापला एक अंपायर आणण्याची पद्धत पडली. म्हणजे न्यायाधीश नाही, आणि वकील मात्र दोन! अर्थातच दोघांचे एकमत होईना. तेव्हा रेषेबाहेर एक तिसरा गृहस्थ उभा करून वाद त्याच्याकडे सोपवू लागले. 'रेफरी' या शब्दाचा मूळ अर्थच तो : ज्याच्याकडे वाद सोपवायचा तो. विचारल्याशिवाय त्याने बोलायचे नसे.

हा बाहेरचा माणूस आत आला तो १८९१ साली. त्या वर्षी नियम करणाऱ्या मंडळाने त्याला मैदानाच्या मध्यभागी आणून उभे केले, निकालाचा सर्वाधिकार त्याच्या हाती दिला आणि दोन्ही अंपायरांना रेषेवर धाडून त्यांचे 'लाइन्समन' केले. त्याच वर्षी पेनल्टी किकही आली. ती सुचवली होती विल्यम मॅक्रम नावाच्या एका आयरिश गोलरक्षकाने. सभ्य गृहस्थांना हा नियम मोठा अपमानकारक वाटला. आम्ही मुद्दाम पाय घालून समोरच्याला पाडू, असे या लोकांना वाटते तरी कसे! कोरिंथियन नावाच्या हौशी संघाचे खेळाडू म्हणे मिळालेली पेनल्टी मुद्दाम बाहेर मारीत. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, तिच्यातले मर्म खरे आहे. माणसे आपली चूक आपण होऊन सांगेनाशी झाली, तेव्हा पंचाची गरज पडली. त्याची शिट्टी ही हरवलेल्या शब्दाची भरपाई आहे.

योगायोग पाहा. ज्या १८९१ साली तिकडे पंच मैदानात उतरला, त्याच साली इकडे मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. आरंभी ती गोऱ्या पलटणींची मक्तेदारी होती. पुढे १९०२ मध्ये हारवूड लीग सुरू झाली, आणि १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. १९२३ साली मोहन बागान रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले, आणि १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो चषक जिंकून दाखवला. देशी मुलकी संघाच्या हाती तो प्रथमच आला. राज्य करणारे आणि राज्याखाली असणारे, दोघेही एकाच शिट्टीवर थांबत आणि एकाच शिट्टीवर धावत, असे दृश्य त्या काळी मैदानाबाहेर क्वचितच दिसत असेल.

स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या आणि मुंबईचे फुटबॉल कचेऱ्यांचे आणि गिरण्यांचे झाले. कॅल्टेक्स, टाटा, मफतलाल, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, पुढे एअर इंडिया आणि महिंद्र, अशी संघांची नावे वाचली तर एखाद्या व्यापारी निर्देशिकेचे पान वाचतो आहोत असे वाटावे. १९५८ चा रोव्हर्स चषक कॅल्टेक्सने जिंकला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा याच मुंबईचा खेळाडू. वांद्र्याच्या एका मैदानाला आज त्याचे नाव आहे. खेळाडू कचेरीतले, तसे पंचही नोकरदारच : कोणी कारकून, कोणी शाळामास्तर, कोणी रेल्वेतला. आठवडाभर हिशेबाच्या वह्या किंवा मुलांच्या वह्या तपासायच्या, आणि रविवारी शिट्टी गळ्यात अडकवायची. मानधन मिळते; पण प्रवास, बूट आणि चहापाणी यांतच त्यातले पुष्कळसे संपते.

दरम्यान शहर उत्तरेला सरकत होते. १९२८ साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली. १९५० मध्ये महानगरपालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. माणसे गेली तिकडे शाळा गेल्या, चर्चची आवारे आणि वसाहतींची मैदाने आली, आणि त्यांच्यामागून चेंडूही गेला. १९८८ मध्ये अंधेरीला शहाजी राजे क्रीडा संकुल उभे राहिले. कूपरेजचा खेळ उपनगरात आला खरा, पण त्याबरोबर पंचांच्या नेमणुका करणाऱ्या चिटणीसाच्या कपाळी एक भलतेच कोडे आले.

हे कोडे ज्याने कधी नकाशा पुढे घेऊन सोडवले नाही, त्याला त्याची गोडी कळायची नाही. आपली उपनगरे म्हणजे दोन दोऱ्यांत ओवलेले मणी. पश्चिमेच्या दोरीत अंधेरी आणि बोरिवली, मध्य रेल्वेच्या दोरीत घाटकोपर आणि मुलुंड. आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ बसते थेट दादरला. बोरिवली आणि मुलुंड पक्ष्याच्या वाटेने शेजारी. पण मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे रान, तुळशी-विहारचे तलाव आणि बिबट्यांचा शेजार! घाटकोपरच्या पंचाला अंधेरीला शिट्टी वाजवायची, तर एक तर दादरला जिना चढून गाडी बदलायची, नाही तर असल्फा, साकीनाका, मरोळ करीत बसमध्ये उभे राहायचे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि हा फेरा एकदाचा चुकला. सुमारे अकरा किलोमीटरांच्या या मार्गाचे गुणगान पुष्कळांनी केले. पंचांच्या नेमणुकांच्या दृष्टीने ते कोणी केल्याचे दिसत नाही, म्हणून ते येथे करून ठेवतो.

तरीही रविवार तो रविवार. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आणि पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक ही दोन भावंडे नेमकी सामन्यांच्या दिवशीच अवतरतात. म्हणून जाणता पंच शनिवारी दोनच गोष्टी वाचतो : नेमणुकीचा कागद आणि रेल्वेची सूचना.

पण अंतर हा नेमणुकीतला सोपा भाग झाला. सगळ्यांत जवळचा पंच नेमला की काम भागले, असे कोणाला वाटेल. आणि अडचण नेमकी तेथेच आहे. सगळ्यांत जवळचा म्हणजे त्याच वस्तीतला. तो ज्या क्लबात लहानपणी खेळला, ज्या कंपनीत नोकरीला आहे, ज्या शाळेत त्याचा मुलगा शिकतो, त्या संघाचा सामना त्याला देता येत नाही. तो अन्याय करील म्हणून नव्हे. त्याच्या योग्य निर्णयावरही कोणी बोट ठेवू नये म्हणून. गेल्या महिन्यात ज्या संघाच्या खेळाडूला त्याने बाहेर काढले, त्या संघापुढे त्याला लगेच पुन्हा उभे करणेही बरे नव्हे. नवशिक्याला एकदम मध्यभागी सोडायचे नाही. त्याने आधी लहान मुलांचे सामने करावे, रेषेवर झेंडा धरावा, जाणत्याच्या हाताखाली शिकावे. एकाच दिवशी दोन सामने द्यायचे तर दुसऱ्या सामन्यापर्यंत त्याचे पाय शाबूत राहतील की नाही, हेही पाहायचे. सोयरीक जुळवणाऱ्याला गोत्र, पत्रिका आणि देणेघेणे पाहावे लागते. नेमणुका करणाऱ्याची दशा त्याहून निराळी नाही. फरक इतकाच, की त्याला ही लग्ने दर आठवड्याला लावावी लागतात!

आता खुद्द पंचाची तयारी पाहा. पिशवीत दोन शिट्ट्या, कारण एक ऐनवेळी मुकी होते. आत वाटाणा खुळखुळणारी 'थंडरर' शिट्टी बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसनने १८८४ मध्ये काढली. त्याआधी बिचारे अंपायर रुमाल हलवीत. दोन घड्याळे, नाणे, वही, पेन्सिल, आणि दोन पत्ते, पिवळा व तांबडा. हे पत्ते केन अॅस्टन नावाच्या एका इंग्रज शाळामास्तराला सुचले. १९६६ च्या विश्वचषकात भाषेच्या अडचणीमुळे गोंधळ झाला. परतताना चौकातले वाहतुकीचे दिवे पाहून त्याच्या मनात ही कल्पना आली, आणि १९७० साली मेक्सिकोत ती अमलात आली.

मैदानावर तो खेळाडूंच्या बराच आधी पोचतो. गोलांचे खांब घट्ट आहेत का, जाळीला भोके आहेत का, आखणीचा चुना रात्रीच्या पावसात वाहून गेला का, गवतात काच किंवा खिळा आहे का, हे स्वतः फिरून पाहतो. चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम हवे. मग बुटांचे खिळे, नडगीची ढाल, बोटातली अंगठी, गळ्यातली साखळी. एखाद्या आईने बांधलेला गंडा काढायला सांगणे ही सर्वांत नाजूक कामगिरी! नंतर रेषेवरच्या सोबत्यांशी चार शब्द : कोण कुठे उभा राहील, खूण कशी करायची. पंचाने एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरके धावावे आणि उरलेल्या बाजू रेषापंचांनी सांभाळाव्या, ही पद्धत इंग्लंडच्या स्टॅन्ली राउस यांनी रूढ केली. तेच पुढे १९६१ ते १९७४ जागतिक संघटनेचे अध्यक्ष होते.

आणि पुष्कळदा असे होते, की रेषेवर उभे राहायला दुसरा पंच मिळतच नाही. मग प्रत्येक संघाचा एकेक राखीव खेळाडू झेंडा घेऊन उभा राहतो. म्हणजे जुने दोन अंपायर परत आलेच की! मोठ्या स्टेडियममध्ये आता चलच्चित्र पाहून निर्णय तपासतात. उपनगरातल्या चिखलात मात्र एक माणूस, दोन डोळे आणि एक शिट्टी. चूक ध्यानात आली तर खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वीच ती दुरुस्त करता येते, त्यानंतर नाही.

या माणसाच्या वाट्याला काय येते? जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताचा सामना पाहायला अवघे २,५६९ लोक आले. कर्णधार सुनील छेत्रीने कळकळीने हाक घातली, आणि पुढच्या सामन्याची तिकिटे संपली. खेळाडूंसाठी अशी हाक घालणारा भेटला, हे चांगलेच झाले. पंचासाठी ती घालायला कोणी पुढे येत नाही. त्याला ऐकू येतात त्या शिव्या. आणि त्या देणाऱ्यांत दहा वर्षांच्या पोराचे सुशिक्षित वडीलही असतात. हे आपल्याकडेच आहे असे नव्हे. ज्या इंग्लंडात १८६३ साली पंचाची गरज भासली नाही, तेथेच २०२३ मध्ये हौशी सामन्यांतल्या पंचांच्या छातीवर कॅमेरे लावण्याचा प्रयोग सुरू करावा लागला. २०२४ मध्ये नियममंडळाने स्पर्धांना मुभा दिली, की पंचाशी केवळ कर्णधारानेच बोलावे, असा दंडक घालावा. एकशे साठ वर्षांत शब्दाकडून शिट्टीकडे, शिट्टीकडून पत्त्याकडे आणि पत्त्याकडून कॅमेऱ्याकडे असा हा प्रवास झाला.

त्यात नुकसान कोणाचे? शिव्या खाऊन एक नवशिका पंच घरी बसला, तर त्याचा रविवार वाचतो. सामने मात्र बुडतात. के. शंकर हे २००२ च्या विश्वचषकात रेषापंच म्हणून गेले. गोव्याच्या युवेना फर्नांडिस २०१६ साली मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात जॉर्डनला गेल्या. त्या उंचीपर्यंत जाणाऱ्या शिडीची खालची पायरी म्हणजे मुलुंडचे किंवा बोरिवलीचे एखादे ओबडधोबड मैदान. खालची पायरीच मोडली तर वर कोण चढणार?

तेव्हा त्या 'पंच' शब्दाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. मैदानावर दोन कर्णधार असतात, दोन रेषापंच असतात, आणि मध्यभागी तो एक असतो. दोन, दोन आणि एक, झाले पाच! कर्णधारांनी आपल्या खेळाडूंना आवरले, झेंडेवाल्यांनी प्रामाणिकपणे झेंडा उचलला, तरच मधल्याच्या मुखी परमेश्वर येतो. एरवी त्याच्या हाती उरते ते वाऱ्याने वाजणारे टीचभर नळकांडे. आपल्या भाषेने त्या एकट्याला पाचांचे नाव दिले, त्यात भाषेची काही चूक झालेली नाही. उरलेल्या चौघांनी आपापल्या जागी उभे राहायचे, एवढेच बाकी आहे.