हिर्ट्याचा निरोप

स्कॉटलंडच्या पश्चिमेस भर समुद्रात सेंट किल्डा द्वीपसमूह आहे. त्यातील हिर्टा बेटावर शतकानुशतके एक गाव नांदले. दोराने कड्यावरून उतरून समुद्रपक्षी धरावेत, मेंढ्या राखाव्यात, रोज सकाळी पुरुषांनी जमून कामे ठरवावीत, असा त्यांचा प्रपंच. 1697 साली वस्ती 180 च्या घरात होती. पुढे धनुर्वाताने तान्ही बाळे दगावली. 1852 साली 36 जण ऑस्ट्रेलियास निघाले. पहिल्या महायुद्धानंतर तरुणही गेले. होडी ओढायला हात पुरेनात, तेव्हा उरलेल्यांनीच सरकारकडे अर्ज केला. 29 ऑगस्ट 1930 रोजी अखेरच्या 36 जणांनी बेट सोडले. जाताना घरोघरी उघडे बायबल आणि थोडे धान्य ठेवले. आपणही देवापुढे दिवा लावूनच घराबाहेर पडतो ना? त्यांना मात्र परतायचे नव्हते.