पाकिटाचं तोंड कशानं बंद केलं होतं?

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, "पाकीट बंद करायच्या पद्धती." समोरचा आधी हसतो आणि मग नोकरीचं काय म्हणून विचारतो. नोकरीचं नंतर बघू. आज एका छोट्या वस्तूबद्दल सांगायचं आहे: मोठ्या पाकिटाच्या झाकणाला असते ती पत्र्याची दोन पाकळ्यांची खीळ. झाकणाच्या भोकातून पाकळ्या वर काढायच्या, दोन्हीकडे आडव्या करायच्या, पाकीट बंद. पुन्हा उभ्या केल्या की उघडं. फाडणं नाही, डिंक नाही. कागद टिकेल तितक्या वेळा उघडा आणि बंद करा.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर ही वस्तू तुमच्या कामाची आहे, कारण तिच्यामुळे पुराव्याची एक मोठी अडचण उभी राहते. डिंकानं चिकटवलेलं पाकीट एकदाच बंद होतं आणि एकदाच फुटतं. म्हणून त्याच्यावरचा पत्ता, तिकीट, टपालाचा शिक्का आणि आतलं पत्र हे सगळे एकाच प्रवासाचे साक्षीदार असतात. खिळीचं पाकीट पाच वेळा प्रवास करू शकतं. मग आत सापडलेलं पत्र त्यातल्या कुठल्या प्रवासाचं, हे कशावरून ठरवायचं?

आधी ही खीळ आली कुठून ते थोडक्यात. कागद गुंफायच्या पितळी, दोन पायांच्या फासणीचं पेटंट अमेरिकेत जॉर्ज मॅकगिल यानं १८६६ साली घेतलं. पाकिटाची खीळ याच कुळातली. ती रुजली ती टपालाच्या दरांमुळे. बंद पत्राला जास्त दर आणि छापील मजकुराला कमी, अशी विभागणी जवळपास सगळ्या टपालखात्यांत होती. कमी दर हवा तर अट एकच: आत खरंच छापील कागद आहे की चोरून पत्र घातलंय, हे टपालवाल्याला पाकीट न फाडता बघता आलं पाहिजे. आपल्याकडची 'बुक पोस्ट' ही तीच. लग्नपत्रिकेच्या पाकिटावर कोपऱ्यात 'बुक पोस्ट' छापलेलं असतं आणि झाकण न चिकटवता नुसतं आत खोचलेलं असतं, ते का, हे लहानपणी कुणी सांगितलं होतं का तुम्हाला? पत्रिका हलकी असते, खोचलं तरी चालतं. जाडजूड कॅटलॉग किंवा मालाचा नमुना असेल तर खोचलेलं झाकण वाटेत सुटणार. तिथं ही खीळ बरोबर बसते. बंद राहते आणि उघडतेही.

पण वजन? इथं जरा हिशेब करून बघा. १८५४ च्या टपाल कायद्यानं हिंदुस्थानात अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा असा सरसकट दर आला. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजे पाव तोळा तीन ग्रॅमच्याही आत. त्यात एक ग्रॅमची धातूची फासणी घातली तर एक तृतीयांश वजन तिनंच खाल्लं. साध्या पत्रव्यवहारात धातू शिरला नाही याचं कारण मला या आकड्यात दिसतं. त्यात १८७९ साली एका पैशाचं कार्ड आलं, तेव्हा तर पाकिटाचीच गरज उरली नाही.

आपल्याकडे तोंड बंद करायची परंपरा अर्थात त्याच्याही आधीची आहे. दरबारी पत्र किनखापाच्या थैलीत, म्हणजे खलित्यात जायचं. थैलीचं तोंड दोरीनं आवळून वर लाखेची मोहर. आता यातला कुठला भाग पुन्हा वापरण्याजोगा आणि कुठला नाही ते बघा. थैली पुन्हा वापरता येते, दोरीही येते. मोहर मात्र फुटलीच पाहिजे, तिचं कामच ते. मोडी कागदांवर पत्र संपलं तिथं 'मर्यादेयं विराजते' असं मोर्तब उठवत, शिवाय कागदाचे बंद जिथं एकमेकांना चिकटवले त्या सांध्यावरही शिक्का मारत. शिक्क्याचा अर्धा भाग या बंदावर, अर्धा त्या बंदावर. मधला बंद कुणी बदलला तर दोन अर्धी जुळणार नाहीत. पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही पेशवे दप्तर रुमालांत बांधलेलं आहे: एक चौकोनी फडकं, एक गाठ. रुमाल हजार वेळा सोडा, हजार वेळा बांधा. पण आतल्या कागदांचा क्रम तो राखत नाही. फडक्याला कागदांशी काही देणंघेणं नसतं. खिळीच्या पाकिटाचं नेमकं हेच आहे.

आता माझ्या जिल्ह्याकडे येते. मी अल्लीपूरची, म्हणजे हिंगणघाट तालुक्यातली. आमच्यापासून वर्धा जवळ, आणि १९३० च्या दशकात देशभरातून सर्वांत जास्त टपाल ज्या पत्त्यांवर येत असेल त्यातला एक वर्ध्याचा होता. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले. गावाचं नाव सेगाव, आणि बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव. तेही मुंबई-नागपूर रेल्वेच्याच वाटेवर. पत्रं तिकडे जायला लागली. १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम झालं त्याचं एक कारण हे टपाल. गावाचं नाव बदलायला लावणारं पाकीट, असं म्हटलं तरी चालेल. (पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, आणि तो आणणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी आणि संस्कृतचे कवी. छत्तीस वर्षं आधी आला असता तर सेगाव कदाचित सेगावच राहिलं असतं.)

आलेल्या पाकिटांचं गांधीजी काय करत ते तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे. पाकीट सांध्यावर अलगद सोडवायचं, उलटं करायचं, पुन्हा चिकटवायचं. आतली कोरी बाजू बाहेर येते आणि नवं पाकीट तयार होतं. पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर मजकूर लिहायचा, सोमवारच्या मौनात चिठ्ठ्यांसाठी तेच तुकडे वापरायचे. शाळेत याला काटकसर म्हणतात. संशोधकानं याला पुराव्याची गुंतागुंत म्हणावं. का, ते सांगते.

गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे १०० खंड १९५८ ते १९९४ या काळात निघाले. ज्या पत्रांवर तारीख नाही त्यांच्यापैकी काहींची तारीख संपादकांनी पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून ठरवली आहे आणि तशी तळटीपही दिली आहे. उत्तम पद्धत. आता कल्पना करा, पाकीट उलटं केलेलं आहे. त्याच्या आतल्या बाजूला, आता न दिसणारा, पहिल्या प्रवासाचा शिक्का आहे. बाहेरच्या बाजूला दुसऱ्या प्रवासाचा. पुढं कधीतरी सांधे सुटले, कागद सपाट झाला आणि एखाद्या संग्रहात पत्राशेजारी ठेवला गेला. दोन शिक्के, दोन तारखा, एक पत्र. कुठला शिक्का कुठल्या पत्राचा हे घड्यांच्या दिशेवरून आणि डिंकाच्या रेघांवरून कळतं. पत्ता कुणाच्या नावाचा आहे त्यावरूनही कळतं. फक्त मजकूर उतरवून आणलात तर काहीच कळणार नाही.

टाचणीची गोष्टही तुम्हाला माहीत असेल. १९३१ साली गोलमेज परिषदेला जाताना बोटीवर एका गोऱ्या माणसानं गांधीजींना टिंगलीचे कागद दिले. त्यांनी टाचणी काढून घेतली, कागद टोपलीत टाकले आणि कामाचं तेवढं ठेवून घेतलं असं म्हणाले. ही गोष्ट इतक्या तऱ्हांनी सांगितली जाते की कधी बोट असते, कधी आश्रम, कधी कागद असतात, कधी पत्र. अशा आख्यायिकेकडून घटनेचा पुरावा मागू नका. तिच्याकडून एवढंच घ्या की ऐकणाऱ्यांना टाचणी जपून ठेवणारा गांधी पूर्ण खरा वाटत होता.

टाचणीलाच एवढं महत्त्व का? अर्थशास्त्रात यंत्रयुगाचं पहिलं उदाहरण टाचणीचंच आहे. ॲडम स्मिथनं १७७६ च्या ग्रंथात लिहिलं की काम अठरा भागांत वाटून घेतलं तर दहा माणसं दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या करतात. १४ डिसेंबर १९३४ ला वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे हिशेबतपासनीस होते आणि कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारण शिकून आले होते. स्मिथची टाचणी त्यांना नवी असणार नाही. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, हातकागद बनायला लागला, 'ग्राम उद्योग पत्रिका' त्या कागदावर छापली जाऊ लागली. आणि टाचणीच्या जागी आला बाभळीचा काटा, असं त्या काळच्या आठवणींत सांगितलेलं असतं.

आमच्या भागात बाभूळ म्हणजे धुऱ्यावरचं झाड. तिचा वाळलेला काटा सरळ, पांढरा, कडक. हातानं बनवलेल्या जाड कागदाच्या चारपाच पानांतून सहज जातो. पुन्हा वापरता येतो, फार तर टोक मोडतं. त्याच बाभळीचा डिंक पाण्यात भिजवला की पाकीट चिकटवता येतं. शेंगांतलं टॅनिन कातडं कमवायला. म्हणजे खेड्यातल्या कचेरीचा निम्मा सरंजाम एका झाडावर. मला ही कल्पना आवडते, पण तिला मर्यादा आहे हेही बघा: काटा कचेरीच्या आत चालतो, टपालात नाही. थैलीत हात घालणाऱ्या टपालवाल्याच्या बोटात तो घुसणार. म्हणून आतल्या कागदांना काटा आणि बाहेरच्या झाकणाला डिंक, अशीच वाटणी व्यवहारात होऊ शकते. धातूच्या खिळीला स्वदेशी पर्याय म्हणून काटा दाखवणारे लेख वाचलेत तर हा फरक ध्यानात ठेवा.

यातलं तपासता येण्यासारखं काय आहे? भोक. लोखंडी टाचणी दोन-चार पावसाळ्यांत गंजते. कागदावर तांबूस डाग पडतो, तो पसरतो, शेवटी तिथला कागदच ठिसूळ होऊन गळतो. टाचणी निघून गेली तरी तिचा आकार डागात राहतो. पितळ तांबूस डाग देत नाही, फार तर हिरवट कड येते. काट्याचं भोक एका बाजूनं मोठं, दुसऱ्या बाजूनं बारीक, कारण काटा निमुळता असतो. आणि गंज नाही. स्टेपलची दोन भोकं ठरावीक अंतरावर. खिळीच्या पाकळ्या वाकवल्या की झाकणावर दोन आडव्या रेघा उमटतात, आणि भोकाची कड फाटत जाते. ती कड किती झिजली आहे त्यावरून पाकीट एकदा वापरलं की अनेकदा, याचा अंदाज बांधता येतो.

घरच्या उदाहरणानं सांगते. अल्लीपूरला आमच्याकडे कापूस विक्रीच्या जुन्या पावत्यांचा एक गठ्ठा आहे. तो बांधलाय टॅगनं: सुती दोरी, दोन्ही टोकांना पत्र्याच्या नळ्या. परीक्षेत पुरवण्या बांधायला मिळायची तीच वस्तू. आता त्या पावत्यांना टॅगचं एक भोक तर आहेच, पण निम्म्या पावत्यांना कोपऱ्यात आणखी एक भोक आहे, गंजाच्या डागासकट. अर्थ सरळ आहे: या निम्म्या पावत्या आधी वेगळ्या टाचलेल्या होत्या, एकत्र कुणीतरी नंतर केल्या. भोकं बघितली नसती तर तो गठ्ठा मी एकाच हिशेबाचा समजून बेरीज केली असती.

तुमचं पहिलं अभिलेखागार कुठलंही असो, जिल्हा कचेरीचं, संस्थेचं किंवा काकांच्या माळ्यावरचं, गठ्ठा सोडायच्या आधी त्याचा एक फोटो बंद अवस्थेत घ्या. कशानं बांधलंय ते वहीत लिहा. नंतर प्रत्येक कागदाची भोकं मोजा, डागाचा रंग लिहा, पाकीट असेल तर दोन्ही बाजू आणि आतलीही बाजू बघा. उजेडासमोर धरलं तर आतला शिक्का बहुतेक वेळा दिसतो. गंजलेली टाचणी स्वतः उपटू नका. ती काढायचं काम तिथल्या जतन विभागाचं आहे, आणि ते काढतील त्या दिवशी कुठल्या पानांतून काढली हे त्यांच्याकडून लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी काढलेल्या टाचण्या एका डबीत जमा होतात, आणि मग कुठली टाचणी कुठल्या कागदाची हे कायमचं पुसलं जातं.