शाजापूरचे खासदार आणि त्यांची सिनेमा-परीक्षणं

आपल्या माळव्यातल्या किती जणांना हे आठवतं, की हिंदुस्थानातला सगळ्यात तिखट सिनेमा-समीक्षक आपल्याच भागातून लोकसभेत गेला होता? नाव बाबूराव पटेल. साल १९६७, मतदारसंघ शाजापूर, पक्ष जनसंघ, निशाणी दिवा. मी तेव्हा सतरा वर्षांचा. मताचा हक्क एकविसाव्या वर्षी मिळायचा, म्हणून आम्ही पोरं नुसती जीपच्या मागे धावायचो.

मूळचे हे पाटील. पालघरजवळच्या मासवणचे, जन्म १९०४ चा. शिक्षण फारसं नाही. तरी या माणसानं १९३५ साली मुंबईतून ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केलं आणि पाव शतक गाजवलं. मुखपृष्ठं गुलबर्ग्याच्या एस. एम. पंडितांची. आत ‘जूडास’ या टोपणनावाचं सदर, आणि वाचकांच्या प्रश्नांना संपादकाची उत्तरं. लोक अंक हातात पडला की आधी ती उत्तरं उघडायचे. विचारणाऱ्याचीच दोन ओळींत फिरकी घेतलेली असायची.

आमचे वडील आधी ग्वाल्हेर संस्थानच्या, मग मध्य भारताच्या आणि शेवटी मध्य प्रदेशच्या खजिन्यात कारकून. घर तेच, खुर्ची तीच, वरची सरकारं बदलत गेली. त्यांनी ‘फिल्मइंडिया’चे अंक दोऱ्यानं शिवून ठेवले होते. कॉलेजात माझं इंग्रजी सुधारलं ते निम्मं त्या अंकांवर.

पुढे बँकेत कर्जाच्या प्रस्तावांवर टिपणं लिहिण्यात हयात गेली. त्यामुळे कुणाचंही मत वाचताना मी दोन गोष्टी बघतो: कारण काय दिलंय, आणि लिहिणाऱ्याचा हितसंबंध कुठे आहे. बाबूरावांची परीक्षणं याच चष्म्यातून बघू या.

आधी जमेची बाजू. १९३८ चा ‘द ड्रम’ आणि १९३९ चा ‘गंगा दीन’ या परदेशी चित्रपटांत हिंदी माणूस एकतर दगाबाज, नाहीतर साहेबाचा इमानी नोकर. बाबूरावांनी अशा सिनेमांवर झोड उठवली. ‘द ड्रम’विरुद्ध मुंबईत निदर्शनंही झाली. राज्य इंग्रजांचं, मासिक इंग्रजीत, म्हणजे ज्याला बोलायचं त्याच्याच भाषेत बोलणं. पडद्यावरचं चित्र हे राज्यकर्त्याचं हत्यार असतं, ही गोष्ट त्यांनी सामान्य प्रेक्षकाला समजावली. याचं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं.

१९४३ साली बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ आला. अशोककुमार खिसेकापू, आणि तोच नायक. बाबूरावांचा आक्षेप असा, की यात गुन्हेगारीला प्रतिष्ठा मिळते. लोकांनी ऐकलं नाही. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तो तीन वर्षांहून जास्त चालला. काही जण याला समीक्षकाची हार म्हणतात, मला ते पटत नाही. तिकीटविक्रीचा अंदाज सांगणं हे वितरकाचं काम. समीक्षकानं कारण द्यायचं असतं, आणि ते त्यांनी दिलं होतं. शिवाय गुन्हेगार नायक पुढे आपल्या सिनेमात कायमचा घर करून बसला, ते आपण बघितलंच.

असा माणूस कौतुक करायचा तेव्हा हात आखडता घेत नसे. १९५७ च्या ‘मदर इंडिया’ला त्यांनी डोक्यावर घेतलं. मोठं श्रेय नर्गिसला दिलं, तिच्याशिवाय हा सिनेमा उभाच राहत नाही असं.

आता नावे बाजू. सुरुवातीच्या काळात प्रभातच्या जाहिरातींचं काम बाबूरावांकडे होतं, आणि मासिकात प्रभातचा उदोउदो. प्रभातचे चित्रपट उत्तम होते, प्रश्न तो नाही. पण बँकेत ज्या पार्टीशी आपला व्यवहार, तिच्या कागदावर आपण शिफारस करत नाही. नंतर त्यांनी पत्नी सुशीलाराणींना नायिका करून स्वतः दोन चित्रपट काढले, १९४४ चा ‘द्रौपदी’ आणि १९४६ चा ‘ग्वालन’. मासिकानं त्यांचा गाजावाजा केला, तरी दोन्ही पडले. सुशीलाराणी मात्र मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेल्या खऱ्या गायिका. त्यांचं गाणं या दोन चित्रपटांच्या हिशेबात मोजू नये.

हे सगळं मी पोटात घालीन. पण १९६० च्या सुमारास त्यांनी सिनेमा मागे टाकून ‘मदर इंडिया’ याच नावाचं राजकीय मासिक धरलं, आणि तीच लेखणी मुसलमान समाजावर चालू लागली. वडिलांचे एक मुसलमान सहकारी होते, उर्दूचे जाणकार. ‘फिल्मइंडिया’चा अंक आमच्याकडून त्यांच्या घरी जायचा आणि परत येताना समासात पेन्सिलीच्या खुणा असायच्या, कुठे हसले, कुठे पटलं नाही. ‘मदर इंडिया’चा एक अंक मात्र दुसऱ्याच दिवशी परत आला. एकही खूण नाही. वडिलांनी वर्गणी बंद केली. दोघं त्यावर कधी बोलले नाहीत. चहा चालू राहिला, पण अंकांची देवाणघेवाण संपली ती संपलीच.

मला यातून एवढंच कळलं: सिनेमा वाईट ठरवायला बाबूरावांना तो आधी बघावा लागायचा. कथा, अभिनय, छायाचित्रण, एकेकाचा हिशेब द्यावा लागायचा. माणसांच्या अख्ख्या जमातीवर लिहिताना त्यांनी ही शिस्त सोडली. धार तीच, पण खाली पुरावा नाही. आणि वाचक धारेलाच टाळ्या वाजवत राहिले. आमच्या शाजापूरनं तर मतंही दिली.

१९८२ साली ते गेले. आज त्यांचं नाव घेणारे एकतर भक्त असतात, नाहीतर शिव्या देणारे. मी म्हणतो, दोन्ही खाती वेगवेगळी ठेवा. पहिल्यातली जमा दुसऱ्यातलं नावे फेडू शकत नाही, आणि दुसऱ्यासाठी पहिलं खोडायचीही गरज नाही.

कुणाच्या माळ्यावर ‘फिल्मइंडिया’चे अंक असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. आणि समासात कुणी पेन्सिलीनं काही लिहिलं असेल, तर ते आधी वाचा.